थंडीचा ओढा

संक्रांत झाली की आमच्या गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी सोडून.

गाव म्हणजे कोठलू. कुल्लूच्या वरच्या अंगाला, एका आडबाजूच्या खोऱ्यात. आम्ही मूळचे विट्याकडचे. अण्णांचं इथल्या बाजारात गलाईचं दुकान आहे, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून चोख करून द्यायचं. आमच्याकडची माणसं या धंद्यापायी देशभर जाऊन बसलीत, अण्णा त्यातल्या त्यात उंचावर जाऊन बसले. धंद्याला शोभावं म्हणून माझं नाव कांचन ठेवलं. माझ्या वयाच्या दुसऱ्या कुणाचंही असलं नाव नाही. दहावीत शाळा सोडली. फिजिक्सचे सर म्हणाले, "हे तुझ्या डोक्यावरून जाणार." मी डस्टर फेकलं, ते त्यांच्या डोक्यावरून गेलं. मग मी परत गेलेच नाही.

तर संक्रांतीला गावाचा देव स्वर्गात जातो. तिथं सगळ्या देवांची सभा असते म्हणे. तो परत येतो फेब्रुवारीच्या शेवटी, फागळीच्या सणाला. मधले दिवस गाव गप्प. टीव्ही नाही, हॉर्न नाही, मोबाईल मुके. आणि मातीला हात लावायचा नाही. कुदळ नाही, पहार नाही, बांधाचा दगडसुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही. देवाच्या मागं त्याचं घर जसंच्या तसं राहायला पाहिजे.

गावाच्या डोक्यावर एक उतरतं कुरण आहे, त्याला थाच म्हणतात. तिथं आम्ही स्की करतो. गावातल्या लुदरचाचूंनी तिथं भंगारातल्या जीपची चाकं लावून एक फिरता दोर बसवलाय. दोर धरला की तो वर ओढत नेतो. कुणीही यावं, कुणालाही तिकीट नाही. चाचू स्वतः देवदाराच्या फळ्या तासून स्की बनवतात, नाहीतर वरच्या रिसॉर्टमध्ये टुरिस्ट मोडकं टाकून जातात ते दुरुस्त करतात. त्या रिसॉर्टमध्ये रोपवे आहे, बर्फ फवारणाऱ्या तोफा आहेत. आमच्या गावची माणसं तिथं चहा नेऊन द्यायला जातात, स्की करायला नाही.

गप्प दिवसांत दोराचं इंजिनही बंद. पोरं फळ्या खांद्यावर टाकून चालत वर जातात आणि खाली येतात. ऐकू येतो फक्त बर्फावर फळ्या घासल्याचा आवाज, आणि मधूनच माझा.

"अरे बावळट, गुडघे वाकव."

"कांचन," चाचू कुजबुजायचे, "देवाला वरपर्यंत ऐकू गेलं."

चाचू पहाडीमिश्रित हिंदीत बोलतात, मी इथं आपल्या भाषेत सांगतेय. ते देवाचे कारदार आहेत, म्हणजे देवळाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. थाचच्या खालीच त्यांची प्लमची बाग. शाळा सोडल्यावर मी दिवसभर अण्णांच्या भट्टीशेजारी बसून चिडचिड करायचे, तेव्हा चाचूंनीच मला बोलावून फळ्यांवर उभं केलं. "राग आला की उतारावर सोड," म्हणाले, "खाली पोचेस्तोवर निम्मा उरतो." खरंच निम्मा उरतो. मोजलाय मी.

पण बर्फच राहीना. संक्रांतीला पडायचा आणि आठवड्यात थाच तपकिरी व्हायचं, गाईच्या पाठीसारखं. रिसॉर्टवाल्यांकडे तोफा होत्या, आमच्याकडे नशीब.

मग धैर्यादादा आला. धैर्यशील, माझ्या आत्याचा मुलगा, पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करतो. हळू बोलतो, हळू जेवतो, मला त्याच्यासमोर बसून जेवायचा वैताग येतो. त्यानं एक कापडाचं बंडल आणलं होतं. दुधाळ पांढरं, जाड, हाताला मेणकापडासारखं.

आमच्या गच्चीवर त्यानं कापडाचा एक तुकडा उन्हात पसरला. भर दुपारी. थोड्या वेळानं म्हणाला, "हात लाव."

कापड गार होतं. सावलीतल्या फरशीपेक्षा गार.

"आत फ्रीज आहे काय?"

"वर आहे," दादानं आभाळाकडं बोट दाखवलं.

मग त्यानं समजावलं, आणि या वेळी काही डोक्यावरून गेलं नाही. प्रत्येक वस्तू सारखी उष्णता बाहेर टाकत असते, उजेडासारखीच, फक्त डोळ्यांना न दिसणारी. दगड, झाड, तू, मी. पण हवा ही गोधडीसारखी आहे. बाहेर पडलेली बरीचशी उष्णता ती अडवते आणि आपल्याकडंच परत पाठवते. फक्त त्या गोधडीला एक भोक आहे. एका ठरावीक जातीची उष्णता हवेला दिसतच नाही, ढग नसले की ती सरळ आरपार जाते, थेट अवकाशात. आणि अवकाश इतकं थंड आहे की त्याला कितीही उष्णता दिली तरी त्याचं पोट भरत नाही.

"या कापडात काचेचे बारीक मणी आहेत," दादा म्हणाला. "ऊन पडलं की ते जवळजवळ सगळं परतवतं. आणि स्वतःची उष्णता नेमकी त्या भोकातून बाहेर टाकतं. दिवसा पण, रात्री पण. वीज नाही, इंजिन नाही."

"आवाज?"

"कसला आवाज?"

मी चाचूंकडं पाहिलं. चाचूंनी कापडावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. "देवाला चालेल," म्हणाले.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही थाचचा खालचा भाग झाकला, मध्यावरच्या मोठ्या दगडापासून खाली. खुंट्या ठोकायच्या नाहीत म्हणून चाचीनं कडेला वाळूच्या पिशव्या शिवून दिल्या. सकाळी कापड गुंडाळायचं, पोरांनी स्की करायची, ऊन चढलं की परत पांघरायचं. पलीकडच्या उतारावर गवत दिसायला लागलं तरी आमचा बर्फ जागच्या जागी. रिसॉर्टच्या तोफासुद्धा त्या वर्षी बंद पडल्या, कारण रात्रीच पुरेशा गार होईनात. बाजूच्या गावची पोरं चालत यायला लागली. कुणाची पँट फाटकी, कुणाच्या पायात आईचे बूट, आणि सगळी गप्प. इतकी पोरं एकत्र आणि आवाज नाही, असं तुम्ही कुठं बघितलं नसेल.

आणि एक गंमत झाली. चाचूंच्या बागेत प्लम असे फुलले की चाची झाडाखाली जाऊन रडली. फळझाडांना हिवाळ्यात पुरेशी थंडी लागते, तेवढी झोप झाली नाही तर ती अर्धवट फुलतात. गेली कित्येक वर्षं झाडांची झोपच होत नव्हती. दादा म्हणाला, थाचवरची गार हवा थोडी बागेत उतरत असेल. कुणी त्यावर जास्त विचार केला नाही. गोड खाताना कोण विचार करतं?

त्याच हिवाळ्यात नेगी मॅडम आल्या. त्या राज्याच्या संघासाठी पोरं निवडतात. मला उतरताना बघितलं, दोनदा उतरायला लावलं, आणि विचारलं, "कुठं शिकलीस?"

"इथंच."

"फळ्या कसल्या?"

"देवदार."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "निवडीला एवढासा उतार चालत नाही. वरच्या त्या देवदारापासून बर्फ असला तर पुढच्या फागळीला निवड इथंच घेईन, या खोऱ्यातल्या पोरांसाठी. रिसॉर्टवर यांना कोण घेणार? तुझं वय पुढच्या वर्षापर्यंतच बसतं, लक्षात ठेव."

वरचा देवदार म्हणजे मोठ्या दगडाच्या दुप्पट उंचीवर. मी वर्षभर दादाच्या मागं लागले. फोनवर भांडले, रडले, आत्याकडं तक्रार केली. शेवटी त्यानं प्रयोगशाळेतून दुप्पट कापड मिळवलं. नोव्हेंबरात ट्रक आला तेव्हा मी अण्णांना मिठीच मारली. त्यांच्या हातात तापलेली मूस होती. "अगं ए, जळशील," म्हणाले.

दुसऱ्या हिवाळ्यात थाच देवदारापर्यंत पांढरं झालं. मी रोज पहाटे वर जायचे. वरून सुटलं की आधी पोट मागं राहतं, मग कान, मग राग. खाली पोचेस्तोवर काहीच उरायचं नाही.

प्लम पूर्वी मार्चच्या शेवटाला फुलायचे म्हणे. आता ऊबच इतकी लवकर येते की फागळीच्या आधीच, गप्प दिवसांतच, झाडं पांढरी व्हायला लागतात. त्या सकाळी मी फळ्या खांद्यावर टाकून बागेच्या कडेनं वर चालले होते. चाचीनं गोठ्याशी चूल पेटवली होती. मी बघते तर धूर वर जाईना. छपरावरून खाली उतरला, गाभण गाईसारखा सावकाश बागेत शिरला, आणि खालच्या दगडी गडग्याला टेकून बसला. माझ्या घोट्यांना काहीतरी गार लागत होतं, ओढ्यात पाय टाकल्यासारखं. वर छातीला मात्र ऊबदार हवा.

मी बागेत शिरले. गडग्याजवळची झाडं फुलली होती. एक फूल तोडलं. पाकळ्या पांढऱ्या, मधली बारीक दांडी, जिचं फळ होतं ती, गारठ्यानं काळी. दुसरं तोडलं. काळी. पूर्ण ओळच्या ओळ तशी. लांबून बघितलं तर झाडं लग्नाला नटल्यासारखी.

चाचू मागं उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना माहीत आहे.

"कधीपासून?" मी विचारलं. मोठ्यानं.

"हळू."

"कधीपासून माहितीये?"

"चार-सहा दिवस. एकच ओळ गेलीय. वरच्या ओळी अजून उमलायच्या आहेत."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू कापड काढलं असतंस." ते खाली वाकून एक फूल बघायला लागले. "फळ काय, दर वर्षी येतं. तुझं वय दर वर्षी येत नाही."

मला इतका राग आला की काय करू कळेना. गोठ्याशी पहार होती. ती घेतली आणि गडग्यापाशी गेले. गार हवा तिथं तुंबत होती ना, मग गडगाच पाडू, जाऊ दे खाली. पहार दगडाखाली घातली आणि चाचूंनी त्यावर हात ठेवला. जोर लावला नाही. नुसता ठेवला.

"देव वर गेलाय," म्हणाले. "आल्यावर दगड जिथं होता तिथंच दिसायला पाहिजे. मी कारदार आहे."

"देवाला काळी फुलं चालतील?"

"फुलांचं मला विचारेल. दगडाचं गावाला विचारेल."

पहार मी टाकली. ती दगडावर पडून खणकन वाजली आणि गावातलं एक कुत्रं भुंकलं. ते पण लगेच गप्प झालं.

दादा त्या दिवसांत आमच्याकडंच होता, कापडाची मोजमापं घ्यायला. मी त्याला ओढत आणला. त्यानं धूर बघितला आणि तिथंच गडग्यावर बसला.

"आम्ही पुण्यात गच्चीवर तपासलं होतं," तो म्हणाला. "सपाट गच्चीवर. थंडी जिथल्या तिथं बसायची."

"म्हणजे?"

"गार हवा जड असते, कांचन. पाण्यासारखी वाहते. कापडाला टेकलेली हवा गार होते आणि उतारानं खाली येते. गेल्या वर्षी झरा होता, बागेला हवा होता तेवढा. या वर्षी आपण वरपर्यंत झाकलं, त्याचा ओढा झाला. आणि गडगा म्हणजे धरण." त्यानं मान खाली घातली. "मी फक्त बर्फाचं तापमान मोजत होतो. थंडी पुढं कुठं जाते ते मी मोजलंच नाही."

मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं. मग आठवलं, दुप्पट कापड कुणी मागितलं होतं.

मोबाईलवर हवामान बघितलं. दोन दिवस आभाळ स्वच्छ. म्हणजे गोधडीचं भोक सताड उघडं. वरच्या ओळींतल्या कळ्या तेवढ्यातच फुटणार होत्या.

"ओढा वळवायचा कसा?" मी विचारलं.

"आडवा बांध घालून. बागेच्या वर, तिरका. हवा बांधाच्या कडेकडेनं शेजारच्या नाल्यात जाईल. छातीएवढा तरी पाहिजे. पण मातीला हात लावायचा नाही म्हणता तुम्ही."

मी वर बघितलं. देवदारापासून मोठ्या दगडापर्यंतचा सगळा पट्टा, पांढराधोप, रोज पहाटे माझ्या एकटीचा. तेवढ्या बर्फात बांध नक्की झाला असता. आणि वरचं कापड काढलं की ओढा पुन्हा झरा झाला असता.

मी तो पट्टा नजरेनं दोनदा मोजला. दादा घाबरून माझ्याकडं बघायला लागला.

"चाचू," मी म्हटलं. हळू. "बर्फ म्हणजे माती आहे का?"

चाचूंनी विचार केला. कारदारासारखा, डोळे मिटून. मग एकदम उघडले. "नाही. ते काही करायचं नाही. फागळीला नेगी मॅडम येणार आहेत."

"मी काय विचारलं?"

"बर्फ माती नाही. पण—"

"झालं मग."

"कांचन, ऐक."

"तुम्ही मला चार-सहा दिवस सांगितलं नाही," मी म्हटलं. "आता तुम्ही चार-सहा दिवस माझ्याशी बोलायचं नाही. गप्पच राहायचंय तसंही."

मी वर गेले आणि देवदाराजवळची पहिली पिशवी सोडली. कापड गुंडाळायला लागले. जड होतं. थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाला दादा आला. मग चाची. मग मला न विचारता चाचू.

गावाला कुणी बोलावलं नाही, ओरडायची सोयच नव्हती. पण पांढऱ्या थाचवर माणसं काहीतरी करताना दिसली की सगळ्यांना दिसतं. बायका पाठीवर किल्टे घेऊन आल्या. किल्टा म्हणजे खाली निमुळती, वर रुंद अशी पाठीवरची टोपली. पोरं पातेली घेऊन आली, एक जण बादली. बर्फ भरायचा, उतारानं खाली न्यायचा, बागेच्या वर ओतायचा, पायानं दाबायचा. आख्खं गाव काम करत होतं आणि ऐकू येत होते फक्त श्वास. कुणी थांबलं की दुसरा त्याच्या खांद्याला हात लावून टोपली घ्यायचा. एका पोरानं माझ्या मानेत बर्फ टाकला. मी त्याला पकडलं आणि ओरडणार होते. मग त्याच्याही मानेत टाकला. तो तोंडावर हात दाबून हसत लोळला.

दुपारी अण्णा दुकान बंद करून आले. गुडघ्यांचा त्रास, तरी किल्टा उचलला. एक फेरी झाल्यावर माझ्याशेजारी उभे राहून वर बघायला लागले. देवदाराखाली आता गवत उघडं पडलं होतं.

"कांचे," ते पुटपुटले, "सोनं गाळताना घट येतेच. राहतं ते चोख असतं."

"अण्णा, हे दुकानाच्या पाटीवर लिहा."

"मोठी जागा लागेल," म्हणाले आणि दुसरी फेरी करायला गेले.

संध्याकाळपर्यंत बांध छातीला लागला. दादानं त्यावर काढून ठेवलेलं कापड घातलं नाही, साधं गवत घातलं. "आता अजून थंडी नको," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही सगळे गोठ्याशी. चाचीनं चूल पेटवली आणि मुद्दाम ओली पानं टाकली. धूर छपरावरून उतरला. बांधापाशी आला. थोडा थबकला, वाट विचारल्यासारखा. मग बांधाच्या कडेकडेनं सरकत नाल्यात उतरला आणि खाली निघून गेला. थोडासा बांधावरून सांडला, पण झऱ्याएवढाच.

चाचूंनी वरच्या ओळीतली एक कळी तोडून नखानं उघडली. आत हिरवं होतं. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि काही बोलले नाहीत. मी सांगितलं होतं ना, चार-सहा दिवस.

नेगी मॅडम फागळीच्या सकाळी आल्या. मोठ्या दगडापाशी उभ्या राहिल्या, वरच्या देवदाराकडं बघितलं, मग बागेकडं, मग बांधाकडं. चाचूंनी त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. बराच वेळ सांगत होते.

"कमी पडतं," त्या मला म्हणाल्या.

"माहितीये."

"पुढच्या वर्षी तू वयात बसत नाहीस."

"ते पण माहितीये."

"बाकीची बसतात," त्या पोरांकडं बघत म्हणाल्या. "त्यांना कोण शिकवतं?"

"मीच. ऐकत नाहीत."

त्या हसल्या. पहिल्यांदाच. म्हणाल्या, "एकदा उतरून दाखव."

मी मोठ्या दगडापासून सुटले. पोट मागं राहायच्या आत उतार संपला. राग पूर्ण होता तसाच होता, आणि तो कुणावर आहे ते मला काही केल्या आठवेना. वर बघितलं तर त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, हात खिशात होते. पण निघाल्या नव्हत्या. पोरं एकेक करून माझ्यामागं येत होती, आईचे बूट घातलेली सगळ्यांत शेवटी, आणि मॅडम प्रत्येकाला बघत होत्या.

दुपारी ढोल वाजले. देव परत आला. पालखी देवळातून निघाली आणि संक्रांतीपासून दाबून ठेवलेला सगळा आवाज एकदम फुटला. पोरं किंचाळली, कुणीतरी इंजिन चालू केलं, थाचवरचा दोर कुरकुरत फिरायला लागला. पालखी गडग्याजवळून गेली. दगड जागच्या जागी होते.

मी बागेत होते. वरच्या ओळी त्याच दिवशी उमलल्या होत्या. गडग्याजवळच्या ओळीच्या पाकळ्या गळून खाली पांढरा सडा पडला होता, त्या झाडांना या वर्षी काही लागणार नाही.

चाचू डोक्यावर फुलांची टोपी घालून आले, ढोलाच्या तालात अजून डोलत.

"झालं," ते म्हणाले. मोठ्यानं, त्यांच्या खऱ्या आवाजात. तो मी विसरले होते. "आता परवानगी आहे. कर काय आरडाओरडा करायचा तो."

मी श्वास घेतला. माझ्या तोंडापाशीच एक फांदी होती, फुलांनी वाकलेली.

"नंतर," मी म्हटलं. "फुलं हलतील."

चाचू माझ्याशेजारी उभे राहिले. ढोल दूर गेले.